गवंडी निवडतो का?

"सर, मला ह्या वांग्याचं समीकरण पायजे."

मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे वाक्य. मी परभणीच्या त्या कॉलेजात गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. स्टाफरूममध्ये डबा उघडला होता, आणि प्राणिशास्त्राच्या ह्या मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पुरुषी सँडल. त्यांनी पिशवीतून एक गरगरीत वांगं काढून माझ्या पोळीशेजारी ठेवलं. मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चाललीय. पण बाकीचे प्राध्यापक खाली मान घालून जेवत होते. त्यांना सवय होती.

मी ते मनावर घेतलं. देठापासून बुडापर्यंत वांगं कुठं किती रुंद आहे एवढं लिहून काढलं की झालं. दुपारी कागद नेऊन दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, मान डोलावली आणि पिशवीतून दुसरं वांगं काढलं. हे बुडाशी वाकडं होतं.

"आता हे बी त्यातच बसवा."

"ह्याला वेगळं समीकरण लागेल, मॅडम."

"मंग ते गणित न्हाई, सर. तो वांग्याचा फोटो हाय. दोन्ही एकाच झाडाची हायत. झाडाला काय दोन गणितं येतात का?"

मी त्या दिवशी घरी जाताना चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर नेहमीचं उदाहरण सोडवता सोडवता मधेच थांबलो, आणि मला कळलं की ही बाई बरोबर आहे. झालेला आकार मोजणं वेगळं, आणि तो आकार कसा होत गेला ते सांगणं वेगळं. तिथून मी जो त्यांच्या तावडीत सापडलो तो कायमचाच.

वांगी ही माझी परीक्षा होती. त्यांना खरं गणित हवं होतं ते येलदरीच्या धरणातल्या एका जिवाचं. हा अमीबाच्या कुळातला, एका पेशीचा. डोळे नाहीत, हात नाहीत, मेंदूचं तर नावच नको. खसखशीच्या दाण्यापुढंही तो टिंबच. पण हा पठ्ठ्या वाळूचे कण गिळतो, पोटात साठवतो, आणि दुसरा जीव वेगळा व्हायची वेळ आली की ते कण बाहेर काढून नव्या पिल्लाभोवती रचतो. छोटीशी घागर तयार होते. गोल पोट, आखूड मान, आणि तोंडाशी बारीक कणांचं एकसारखं कडं, जणू मण्यांची माळ. त्याचं शास्त्रीय नाव मॅडम वर्गात सांगत, फळ्यावर लिहीत, आणि तिथंच सोडून देत. एरवी त्यांच्या बोलण्यात तो फक्त 'गवंडी' होता.

मॅडम राणीसावरगावच्या. शेतकरी घरातल्या, चार भावंडांत थोरल्या. बोलणं कायम गावचंच राहिलं. एका चर्चासत्रात बाहेरगावच्या पाहुण्यांनी त्यांना प्रेमानं सुचवलं की, तुमचं काम इतकं चांगलं आहे, जरा प्रमाण भाषेत मांडा. मॅडम म्हणाल्या, "माझ्या गवंड्याला ही बी येत न्हाई अन् ती बी येत न्हाई. त्याची काई तक्रार न्हाई." आणि पुढच्या चित्राकडे वळल्या.

त्यांची जाळी त्यांनी स्वतः शिवलेली होती. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून छपाईचं बारीक विणीचं कापड आणायचं, जुन्या चाळणीच्या कड्याला शिवायचं, खाली औषधाची बाटली बांधायची. ही जाळी घेऊन आम्ही रविवारी जिंतूरच्या एसटीनं निघत असू. मधे झरीला गाडी थांबली की मॅडम उतरून भजी घेत आणि कंडक्टरला पहिलं भजं देत, म्हणजे तो पाण्यानं भरलेल्या कॅनबद्दल परतीला काही बोलत नसे. येलदरीला एका मासेमाराची होडी ठरलेली. पाण्यातून जाळी ओढत नेली की तळाच्या बाटलीत जरासं गढूळ पाणी जमायचं. काठावरून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, काई गावलं का?"

"लय गावलं!" त्या ओरडून सांगत, आणि बाटली उंच धरून दाखवत. त्यात काहीच दिसत नसे. विचारणाराही मान हलवून "बरं झालं" म्हणायचा. येलदरीत त्यांना कुणी वेडं म्हटलेलं मी ऐकलं नाही. कॉलेजात ऐकलं.

गवंड्याचा आकार हाती लागावा म्हणून त्यांनी जे उद्योग केले ते पाहिले की कुणीही तसंच म्हटलं असतं. सूक्ष्मदर्शकाला मोबाइल बांधायचा, बारीक चक्री केसभर फिरवायची, फोटो घ्यायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. प्रत्येक फोटोत घागरीचा एकेक थर तेवढा स्पष्ट येतो. मग ते सगळे थर थर्माकोलच्या तक्त्यांवर मोठे करून कापायचे आणि एकावर एक चिकटवायचे. आमच्या पोरापोरींनी ह्या रीतीनं रांजणाएवढी घागर उभी केली. तपासणीला आलेल्या समितीनं ती पाण्याची टाकी समजून कौतुक केलं.

मॅडमना मात्र समाधान नव्हतं. "वरनं बघून पोट कळत न्हाई, सर. खालची बाजू आपण मनानं लावलीय. मनानं लावलेलं मला नगं."

त्यासाठी हैदराबादच्या एका संस्थेत जायचं ठरलं. दवाखान्यात माणसाचं सीटी स्कॅन करतात ना, तसंच तिथं बारीक वस्तूचं करत. वस्तू सुईच्या टोकावर चिकटवून हळूहळू फिरवायची, प्रत्येक वळणाला एक्स-रे काढायचा, आणि संगणकानं त्यातून आतबाहेर सगळा आकार उभा करायचा. मॅडमनी नेलपॉलिशच्या थेंबानं एकेक गवंडी एकेका टाचणीवर बसवला, टाचण्या कापसात उभ्या केल्या, आणि तो डबा रेल्वेत पूर्ण प्रवासभर मांडीवर धरला. शेजारच्या बाईनं विचारलं, लाडू हायत का? मॅडम म्हणाल्या, "घरं हायत."

संस्थेच्या फाटकावर सामान तपासायचं एक्स-रेचं यंत्र होतं. मॅडम डबा द्यायला तयार होईनात.

"ह्याचा एक्स-रे आत काढायचाय. बाहेर कशाला?"

पहारेकरी बिचारा म्हणाला, "अम्मा, सबका होता है."

"सबका होने दो. मेरे मिस्त्री लोगों का एकइच बार होता."

शेवटी आतले शास्त्रज्ञ स्वतः बाहेर आले, डबा उघडून पाहिला, आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाचण्या पाहून मॅडमकडे बघतच राहिले. दुपारी त्यांच्या पडद्यावर पहिला गवंडी उभा राहिला. बाहेरून खडबडीत, आणि आतून? आतून भिंत गुळगुळीत, प्रत्येक कणाची सपाट बाजू आत. मॅडमनी पडद्याला हात लावला. नंतर म्हणाल्या, "आमच्या घरी आतनं सारवायला आई हुती. ह्याच्या घरी कोण हाय?"

आता आमच्या भांडणाबद्दल.

मॅडमचं म्हणणं होतं की गवंडी कण निवडतो. मोठे पोटाला, बारीक तोंडाला. तरुणपणी त्या पीएच.डी. करत होत्या तेव्हाच त्यांनी हे लिहिलं होतं. मार्गदर्शक म्हणाले, एका पेशीचा जीव निवडतो असं लिहायचं नसतं, तो शब्द खोडा. मॅडमनी शब्द खोडला नाही, प्रबंध गुंडाळून घरी आणला. त्यांच्या बरोबरचे डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले, एकदोघं प्राचार्य झाले. मॅडमच्या नावामागं निवृत्तीपर्यंत 'प्रा.'च राहिलं. एका शब्दाची एवढी किंमत मोजलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं उलटं. मी संगणकात एक खोटा गवंडी तयार केला. त्याला काहीच अक्कल दिली नाही. कण जसा हाती येईल तसा घ्यायचा, फुग्यासारख्या ताणलेल्या भिंतीवर जिथं जागा असेल तिथं बसवायचा, बस. हैदराबादच्या चित्रांशी ताडून पाहिलं तर ह्या बिनअकलेच्या गवंड्यानं पोट बरोबर केलं. आतली भिंतसुद्धा गुळगुळीत आली, कारण ताणलेल्या भिंतीवर कण आपोआप सपाट बाजूवरच स्थिरावतो. फक्त तोंडाचं कडं काही केल्या येईना. माझ्या घागरीचं तोंड फुटक्या माठासारखं.

"बगा," मॅडम म्हणत, "तुमचा गवंडी आंधळा हाय. माझा निवडतो."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. स्टाफरूममध्ये, एसटीत, होडीत. एकदा राणीसावरगावला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात पंगतीत बसून आम्ही भांडलो. त्यांचा धाकटा भाऊ वाढत होता. तो वैतागून म्हणाला, "आक्का, पण ह्याचा उपेग काय?"

"तू आत्ता बँड लावलास, त्याचा काय उपेग हुता?"

"मजा आली की."

"मंग?" असं म्हणून मॅडमनी पानात आणखी भात मागितला.

मॅडमच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. एका दुपारी पेपर तपासत बसलो असताना मला माझीच चूक दिसली. मी माझ्या गवंड्याला सगळीकडे सारखीच भिंत दिली होती. पण मानेशी घागर अरुंद होते, तिथं वळण घट्ट असतं. घट्ट वळणावर मोठा सपाट कण टेकतच नाही, तो घसरून पोटाकडे येणार. तिथं बारीकच राहणार. मी तेवढी एक ओळ घातली आणि यंत्र चालू केलं. तोंडाशी मण्यांची माळ आपोआप ओवली गेली.

मला आनंद झाला का? पहिल्या क्षणी झाला. मग खुर्चीत बसलो तो उठवेना. निवड नव्हती, नुसतं वळण होतं. ज्या शब्दासाठी त्या बाईनं आयुष्यातली पदवी सोडली तो शब्द मी एका ओळीनं खोडला होता, आणि आठवड्यावर त्यांचा निरोप समारंभ आला होता.

न सांगणं मला जमलं नसतं. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. त्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी ते एकदा पाहिलं. पुन्हा दाखवा म्हणाल्या. पुन्हा पाहिलं. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"हे तुमी माझ्या सत्काराला सांगायचं."

"मॅडम, तो तुमचा कार्यक्रम आहे. लोक तुमचं कौतुक करायला येणार."

"माझाच हाय ना? मंग माझ्या मनानं होऊ द्या."

प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का? मी नाही म्हणालो आणि तासाला निघालो.

समारंभाला सभागृह भरलं. राणीसावरगावहून भाऊ, भावजया, पोरंबाळं जीप करून आली होती. येलदरीहून होडीवाला आणि त्याची बायको आली होती. जुने विद्यार्थी होते. शाल झाली, नारळ झाला. प्राचार्य चांगलं बोलले, आणि नेमकं तेच बोलले: एका पेशीचा जीवही निवड करतो हे ज्यांनी आम्हाला दाखवलं त्या मॅडम. टाळ्या पडल्या. आणि मग माझं नाव पुकारलं.

मी पडद्यावर गवंडी दाखवला, माझी ओळ समजावून सांगितली, कडं कसं आपोआप येतं ते दाखवलं. शेवटचं वाक्य "म्हणजे इथं निवड मानायची गरज उरत नाही" असं होतं, ते मी मॅडमकडे न बघता म्हणालो. मागून भावाचा आवाज आला, "मंग आक्काचं चुकलं मना की."

कुणीतरी त्याला गप्प केलं. मॅडम उठल्या. शाल खुर्चीवर टाकली, माझ्या हातातला माइक घेतला.

"सर, एक सांगा. ह्या तुमच्या गवंड्याला मी नुसते मोठेच कण दिले, बारीक एक बी न्हाई, तर काय होईल?"

मी विचार केला. "मान बांधता येणार नाही. तोंड रुंद राहील."

"अंदाजानं सांगायलाव का गणितानं?"

"गणितानं."

"करून दावा."

यंत्राला वेळ लागणार होता. मॅडमनी जाहीर केलं, "तवर चहा घ्या सगळे." आणि खरोखरच सगळ्यांनी चहा घेतला. माझा चहा तसाच निवला. चित्र उमटलं तेव्हा कप हातात धरूनच सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं: बिनमानेची, रुंद तोंडाची, वाडग्यासारखी घागर.

मॅडमनी आपली पिशवी उघडली आणि मुठीएवढी लालभडक वस्तू काढून टेबलावर ठेवली. बिनमानेची. रुंद तोंडाची. वाडग्यासारखी.

मग त्यांनी सांगितलं. वर्षापूर्वी त्यांनी कासाराकडून फुटक्या लाल बांगड्या आणल्या होत्या, खलबत्त्यात कुटल्या, चाळल्या, आणि बारीक चुरा फेकून दिला. धरणाच्या पाण्यात गवंडी ठेवून त्यांना फक्त तो मोठा चुरा दिला. त्यांनी काचेची घरं बांधली. ती घरं हैदराबादला पाठवून स्कॅन करून घेतली, आणि त्या आकारावरून एका जुन्या विद्यार्थ्यानं थ्री-डी छपाईच्या यंत्रावर हे लाल प्लास्टिकचं मोठं घर छापून दिलं.

"माझा गवंडी निवडत असता," मॅडम म्हणाल्या, "तर त्यानं हे कण मानेला नको मनले असते, बांधायचं थांबवलं असतं. त्यानं तसं काई केलं न्हाई. जमलं तसं बांधलं. मला वर्षापूर्वीच कळलं का मी चुकले. आज सरांनी मला न विचारता, हे न बगता, दुसऱ्या वाटेनं येऊन तेच सांगितलं. आता ते पक्कं झालं. माझ्या नोकरीत हे एक काम पक्कं झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवा."

लोकांना काय झालं ते किती कळलं कोण जाणे, पण टाळ्या वाजल्या. होडीवाल्याच्या बायकोनं ते लाल घर हातात घेऊन आतून बोट फिरवून पाहिलं.

मी मात्र भडकलो होतो. लोक पांगल्यावर मी त्यांना गाठलं. "वर्षभर! वर्षभर तुम्ही माझ्याशी भांडलात. आपली बाजू हरलेली आहे हे माहीत असून!"

"मंग? कुणी तरी भांडाय पायजे की."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी गणित वाकवून तिथं नेलं असतं. मुद्दाम न्हाई, पण नेलं असतं. मी बी तुमच्या जागी नेलं असतं." मग म्हणाल्या, "कळलं त्या दिवशी मी जेवले न्हाई, सर. दुसऱ्या दिवशी मातर दोन भाकरी जास्त खाल्ल्या. एवढ्या वर्षांनी उत्तर गावलं हुतं. माझं नसलं मनून काय झालं?"

माझा राग एवढ्यानं गेला नाही. तो गेला पुढच्या आठवड्यात, आम्ही दोघांनी मिळून लेख लिहायला घेतला तेव्हा. पहिल्याच परिच्छेदात मॅडमनी लिहायला लावलं की पहिल्या लेखिकेचं पूर्वीचं मत ह्या कामातून चुकीचं ठरलं आहे. संपादकांनी ते वाक्य अनावश्यक म्हणून काढायला सांगितलं. मॅडमनी ह्याही वेळेला खोडलं नाही. लेख ते वाक्य घेऊनच छापून आला. आणि तो छापून आला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, पहिला पेढा माझ्या तोंडात स्वतः भरवला.

निवृत्तीनंतर मॅडमनी येलदरीला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. एकीत त्या राहतात, दुसरीत बशा, सूक्ष्मदर्शक आणि आम्ही वर्गणी काढून दिलेला संगणक. मासेमारांच्या बायका मासळी निवडता निवडता खिडकीतून विचारतात, आज काय बांधायलाय? मॅडम तपशीलवार सांगतात.

परवा गेलो तर त्यांनी मला थेट संगणकापुढं बसवलं. पडद्यावर नवं स्कॅन होतं. अर्धवट घागर. पोट निम्म्यापर्यंत आलेलं आणि तिथंच सोडलेलं. आत कणांचा ढीग तसाच पडून.

"कण संपले?" मी विचारलं.

"दिसायलेत की. भरपूर हायत."

"मग जीव गेला असेल त्याचा."

"न्हाई." त्यांनी चित्र फिरवलं. अर्धवट घागरीला लागूनच दुसरी होती, पूर्ण, मानेसकट, माळेसकट. "हे सोडलं अन् हे बांधलं. त्यानंच. मी डोळ्यानं बगितलंय."

मी चित्र इकडून तिकडून फिरवून पाहिलं. माझ्या गणितातला एकही गवंडी असं करत नाही. एकदा बसलेला कण सोडून जायची सोयच मी त्यात ठेवलेली नाही.

"पण मग त्यानं सोडलं का? पहिलं घर त्याला पसंत पडलं नाही, असंच म्हणावं लागेल."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. चेहरा अगदी गंभीर.

"असं कसं मनता येईल, सर? एका पेशीचा जीव हाय. पसंत-नापसंत काय? ह्याला सादं काई तरी कारण असणार, अन् ते तुमी काढणार."

"आणि नाही निघालं तर?"

"निघेपर्यंत मी ह्या बाजूनं भांडते, तुमी त्या बाजूनं भांडा," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली.